अँडी मरेचा उजवा खुबा : पॅरिस 2017 ते अँटवर्प 2019

9 जून 2017 रोजी पॅरिसच्या लाल मातीवर टेनिसपटू अँडी मरे आणि स्टॅन वावरिंका यांच्यात फ्रेंच ओपनचा उपांत्य सामना झाला. मरे तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर होता. चार तास चौतीस मिनिटे चाललेला हा सामना वावरिंकाने 6-7, 6-3, 5-7, 7-6, 6-1 असा जिंकला. चौथ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत, म्हणजे 6-6 अशा बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणाऱ्या गेमपर्यंत, मरे अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर होता, पाचव्या सेटमध्ये मात्र त्याच्या पायांतली धाव आटल्यासारखी दिसली. या सामन्यानंतर दोघांच्याही शरीराने दगा दिला. वावरिंकाच्या गुडघ्यावर त्याच उन्हाळ्यात शस्त्रक्रिया करावी लागली. मरेच्या उजव्या खुब्यात अधूनमधून उठणारे दुखणे त्या दिवसापासून कायमचे मुक्कामाला आले.

पुढे 20 ऑक्टोबर 2019 रोजी बेल्जियममधील अँटवर्प येथे हेच दोघे पुन्हा एका अंतिम सामन्यात समोरासमोर आले आणि तेव्हा मरेच्या उजव्या खुब्यात धातूचा सांधा होता. या दोन सामन्यांमधील सुमारे अठ्ठावीस महिने हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे. मरेच्या कारकिर्दीविषयी लिहिताना तीन ग्रँड स्लॅम विजेतेपदे, दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि 2013 चे विम्बल्डन यांवर भर दिला जातो, आणि ते योग्यच आहे. तरीही खेळाडू, डॉक्टर आणि शरीर यांच्यातील निर्णय प्रत्यक्षात कसे घेतले जातात हे समजून घ्यायचे असेल, तर मला हे अठ्ठावीस महिने अधिक मोलाचे वाटतात.

पार्श्वभूमी

मरेचा जन्म 15 मे 1987 रोजी ग्लासगो येथे झाला आणि तो स्कॉटलंडमधील डनब्लेन या लहान गावात वाढला. आई ज्युडी टेनिस प्रशिक्षक, थोरला भाऊ जेमी पुढे दुहेरीतील अव्वल खेळाडू. मार्च 1996 मध्ये डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत झालेल्या गोळीबाराच्या वेळी दोन्ही भाऊ त्याच शाळेत शिकत होते. त्यानंतरच्या काळात आईवडील विभक्त झाले आणि जेमी प्रशिक्षणासाठी घराबाहेर गेला. लहान वयात एकामागून एक झालेल्या या आघातांतून सुटका देणारी जागा म्हणजे टेनिस, असे मरेने अनेक वर्षांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले. खुब्याच्या प्रकरणाशी याचा थेट संबंध आहे. ज्या माणसासाठी खेळ हा निवारा असतो, त्याला तो खेळ सोड असे सांगणे म्हणजे नोकरी सोड असे सांगण्याइतके सोपे नसते.

पंधराव्या वर्षी तो बार्सिलोनातील सांचेझ-कसाल अकादमीत गेला, 2004 मध्ये त्याने अमेरिकन ओपनची ज्युनिअर स्पर्धा जिंकली आणि 2005 मध्ये तो व्यावसायिक झाला. त्याचा खेळ ताकदीपेक्षा धावेवर उभा होता. प्रतिस्पर्ध्याने संपवलेला वाटणारा गुण तो पाठीमागच्या रेषेच्याही मागून परत आणायचा, एकाच गुणात दोनतीनदा दिशा बदलायचा आणि समोरच्याला आणखी एक, आणखी एक फटका मारायला लावायचा. सर्व्हिसच्या जोरावर सामने चटकन संपवणाऱ्या खेळाडूला खुब्याचा सांधा काही वर्षे अधिक साथ देतो. मरेच्या शैलीत मात्र प्रत्येक गुणाची किंमत पाय मोजत होते, आणि उजव्या हाताने खेळणारा खेळाडू धावत जाऊन फोरहँड मारतो तेव्हा थांबण्याचा व वळण्याचा मोठा भार उजव्या पायावर पडतो. सप्टेंबर 2013 मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली होती. खुबाही काही वर्षांपासून कुरकुरत होता, पण वेदना आटोक्यात होती.

मग आले 2016 हे वर्ष. मरेने त्या वर्षी दुसऱ्यांदा विम्बल्डन जिंकले, रिओमध्ये हुआन मार्टिन डेल पोत्रोला हरवून सलग दुसरे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले आणि नऊ विजेतेपदे पटकावली. वर्षअखेरीस बीजिंग, शांघाय, व्हिएन्ना, पॅरिस आणि लंडन अशा पाच स्पर्धा त्याने ओळीने जिंकल्या, सलग चोवीस सामन्यांत तो हरला नाही. 7 नोव्हेंबर रोजी तो जागतिक क्रमवारीत पहिला झाला आणि लंडनच्या अंतिम सामन्यात नोव्हाक जोकोविचला 6-3, 6-4 असे हरवून त्याने वर्षअखेरचे अव्वल स्थान पक्के केले. संपूर्ण वर्षाचा हिशेब 78 विजय आणि 9 पराभव असा आहे. सत्त्याऐंशी सामने, तेही अशा शैलीने. त्या हंगामाने खुब्याचे नेमके किती नुकसान केले हे बाहेरून सांगता येणार नाही, परंतु अव्वल स्थानासाठी शरीराकडून जे काही उसने घेतले गेले, त्याची परतफेड 2017 मध्ये सुरू झाली, असे मला वाटते.

दुखण्याची दीड वर्षे

पॅरिसनंतर अवघ्या काही आठवड्यांत मरे विम्बल्डनमध्ये उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीत सॅम क्वेरीविरुद्ध पाच सेटमध्ये हरला. त्या सामन्याचे शेवटचे दोन सेट त्याने 6-1, 6-1 असे गमावले आणि तो लंगडत होता हे प्रेक्षकांनाही दिसत होते. तरीही अमेरिकन ओपनसाठी तो न्यूयॉर्कला गेला, तेथे सराव केला आणि स्पर्धेला दोन दिवस उरले असताना, ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याची मांडणी) निघाल्यानंतर, त्याने माघार घेतली. या उशिरा घेतलेल्या निर्णयावर तेव्हा बरीच टीका झाली, कारण आधीच माघार घेतली असती तर ड्रॉची मांडणी वेगळी झाली असती. टीका अनाठायी नव्हती. पण दुखापतग्रस्त खेळाडूच्या मनात रोज सकाळी आज बरे वाटेल ही आशा कशी नव्याने उगवते, याचाही तो पुरावा होता.

शस्त्रक्रिया टाळून विश्रांती आणि व्यायामावर उरलेले वर्ष गेले. मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत शंकास्पद टप्पा हाच वाटतो. जानेवारी 2018 मध्ये ब्रिस्बेनच्या स्पर्धेतून माघार घेतल्यावर 8 जानेवारी रोजी मेलबर्नमध्ये सर्जन जॉन ओ'डॉनेल यांनी त्याच्या खुब्यावर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली. अशा शस्त्रक्रियेत सांध्यातील फाटलेले, अडकणारे भाग साफ करता येतात, परंतु झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांवरचे गुळगुळीत अस्तर, परत आणता येत नाही. जून 2018 मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर निक किरियॉसविरुद्ध तो परतला आणि तीन सेटमध्ये हरला. जुलैमध्ये त्याचे क्रमवारीतील स्थान 839 पर्यंत घसरले होते. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या स्पर्धेत मारियस कोपिलविरुद्धचा सामना पहाटे तीन वाजून गेल्यावर संपला. मरे जिंकला होता, आणि खुर्चीत बसून तोंडावर टॉवेल धरून हुंदके देत होता. एखाद्या स्पर्धेची तिसरी फेरी जिंकून जगातील माजी अव्वल खेळाडू असा रडतो, याचा अर्थ शरीर किती दूर गेले आहे हे त्याला स्वतःला कळले होते.

ते दुखणे फक्त कोर्टापुरते नव्हते. बूट आणि मोजे घालणेही वेदनादायक झाल्याचे त्याने सांगितले. वेदनाशामके, सराव, व्यायाम, पुन्हा वेदना असे चक्र सुमारे वीस महिने चालले.

मेलबर्न, जानेवारी 2019

10 जानेवारी रोजी मरे आणि जोकोविच यांनी मेलबर्नमध्ये सराव सामना खेळला. जोकोविच 6-1, 4-1 असा पुढे असताना तो थांबवण्यात आला. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत मरे पहिल्याच प्रश्नाला उत्तर देताना अडखळला, उठून बाहेर गेला, परत आला आणि रडत रडत म्हणाला, त्याचा आशय असा, की वेदना आता सहन होत नाही, विम्बल्डनपर्यंत खेळून तिथे थांबण्याची इच्छा आहे, पण तोवर खेळता येईल याचीही खात्री नाही.

14 जानेवारी रोजी पहिल्या फेरीत रॉबर्टो बाउटिस्टा अगुटविरुद्ध तो दोन सेटने मागे पडला, नंतरचे दोन सेट टायब्रेकमध्ये जिंकून बरोबरीत आला आणि चार तासांहून अधिक काळ झुंज देऊन 6-4, 6-4, 6-7, 6-7, 6-2 असा हरला. सामना संपल्यावर मैदानातील मोठ्या पडद्यावर सहकारी खेळाडूंचे निरोपाचे संदेश दाखवण्यात आले. आयोजकांचा हेतू मनापासूनचा होता यात मला शंका नाही, परंतु ज्याने अजून अंतिम निर्णय जाहीर केला नाही त्याला जिवंतपणी निरोप देण्याची ती घाई होती. मरेने त्याच वेळी मायक्रोफोनवर आपण परतण्याचा सर्व प्रयत्न करू असे सांगितले होते.

सामन्यानंतर त्याने आपल्यासमोरचे दोन रस्ते स्पष्टपणे मांडले. पहिला रस्ता असा, की चारपाच महिने विश्रांती घ्यायची, शरीर जमेल तितके सावरायचे आणि विम्बल्डनमध्ये शेवटचा सामना खेळून सन्मानाने थांबायचे. दुसरा रस्ता म्हणजे ताबडतोब मोठी शस्त्रक्रिया करायची, जिच्यानंतर पुन्हा टेनिस खेळता येईल याची कोणतीही हमी नव्हती. पहिल्या रस्त्यावर निरोप जवळपास निश्चित होता, तोही घरच्या प्रेक्षकांसमोर, सेंटर कोर्टवर, जिथे 7 जुलै 2013 रोजी त्याने ब्रिटिश पुरुषाच्या विम्बल्डन एकेरी विजेतेपदाची, फ्रेड पेरीनंतरची सत्त्याहत्तर वर्षांची प्रतीक्षा संपवली होती. दुसऱ्या रस्त्यावर निरोपाचीसुद्धा खात्री नव्हती. मेलबर्नचा पहिल्या फेरीतील पराभव हाच अखेरचा सामना ठरण्याची पूर्ण शक्यता होती.

दोन आठवड्यांनी, 28 जानेवारी 2019 रोजी, लंडनमध्ये सर्जन सारा म्युअरहेड-ऑलवुड यांनी त्याच्या उजव्या खुब्यावर रिसर्फेसिंगची, म्हणजे झिजलेल्या सांध्यावर धातूचे आवरण बसवण्याची शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या दिवशी त्याने एक्स-रेचे छायाचित्र लोकांसमोर ठेवून आपल्याकडे आता धातूचा खुबा आहे असे कळवले.

शस्त्रक्रियेची निवड

येथे थोडे थांबून सांध्याविषयी बोलणे आवश्यक आहे, कारण निर्णयाचे मर्म त्यात आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीच्या हाडातील खोबणीत बसते आणि दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते अस्तर झिजले की हाडावर हाड घासू लागते. नेहमीच्या संपूर्ण सांधेरोपणात मांडीच्या हाडाचे डोके मानेसह कापून काढतात आणि हाडाच्या पोकळीत लांब दांडा बसवून त्यावर कृत्रिम डोके लावतात. वयस्कर रुग्णांच्या बाबतीत ही अतिशय यशस्वी शस्त्रक्रिया आहे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरात आजीआजोबांवर ती झालेली असते. रिसर्फेसिंगमध्ये डोके कापून टाकत नाहीत. ते तासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि खोबणीत धातूची वाटी बसवतात. हाड शिल्लक राहते, गोळ्याचा मूळ मोठा आकार टिकल्यामुळे सांधा निखळण्याचा धोका कमी होतो, आणि पुढे कधी गरज पडली तर संपूर्ण सांधेरोपणाचा पर्याय मोकळा राहतो. तरुण, मोठ्या हाडांच्या, कष्टाची हालचाल करणाऱ्या पुरुषांसाठी ही पद्धत विचारात घेतली जाते. तिचे आधुनिक रूप 1990 च्या दशकात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे डेरेक मॅकमिन या सर्जनांनी घडवले.

ही पद्धत निर्धोक मात्र नव्हती. धातूवर धातू घासला की सूक्ष्म कण आणि आयन रक्तात व आसपासच्या ऊतींमध्ये जातात. अशा प्रकारचे एक उपकरण 2010 मध्ये जगभरातून परत घ्यावे लागले, भारतातील रुग्णांनाही त्याचा मोठा फटका बसला आणि त्यांच्या नुकसानभरपाईसाठी केंद्र सरकारला तज्ज्ञ समिती नेमावी लागली. रचना आणि बसवण्याचा कोन यांत जराशी चूक झाली तरी परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे त्यातून सर्वांनाच कळले. म्हणून 'धातूचा खुबा बसवला आणि खेळाडू परतला' एवढेच वाक्य वाचून कोणी आपल्या किंवा घरच्यांच्या सांध्याचा निर्णय घेऊ नये. मरेचे हाड, त्याचे वय आणि त्याच्यापाशी असलेला फिजिओंचा ताफा सर्वसाधारण रुग्णाला उपलब्ध नसतो.

मरेच्या समोर एक उदाहरण होते. अमेरिकेचा दुहेरीतील महान खेळाडू बॉब ब्रायन याने ऑगस्ट 2018 मध्ये हीच शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि जानेवारी 2019 मध्ये तो मेलबर्नमध्ये पुन्हा स्पर्धेत खेळत होता. ब्रायनने मरेला या पर्यायाविषयी आग्रहाने सांगितले. तरीही हे उदाहरण अपुरे होते. दुहेरीत खेळाडू अर्धे कोर्ट सांभाळतो, गुण लवकर संपतात. पाच सेटच्या एकेरीत धातूच्या खुब्याने कोणी यशस्वी पुनरागमन केलेले नव्हते.

या निवडीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती उद्दिष्टांची क्रमवारी. मरेने सांगितलेले पहिले उद्दिष्ट वेदनामुक्त रोजचे जगणे हे होते, मुलींबरोबर खेळता यावे, बूट घालताना कळ येऊ नये एवढेच. टेनिस दुसऱ्या क्रमांकावर होते. 2018 मधील दुर्बिणीची शस्त्रक्रिया टेनिससाठी केलेली होती आणि ती त्या कसोटीवर उतरली नाही. 2019 मधील शस्त्रक्रिया जगण्यासाठी केली, त्यामुळे ती तिच्या पहिल्या कसोटीवर काही आठवड्यांतच उतरली. पुढे जे टेनिस आले, त्यावर कसलीही घाई लादण्याची गरज राहिली नाही. माझ्या मते पुनरागमन शक्य झाले ते याच कारणाने.

परतीचा वेग

घाई नव्हती हे वेळापत्रकावरून दिसते. जूनमध्ये मरे क्वीन्स क्लबवर फक्त दुहेरीत उतरला, स्पेनच्या फेलिसियानो लोपेझसोबत. पहिल्याच सामन्यात त्यांनी अग्रमानांकित कोलंबियन जोडीला हरवले आणि 23 जूनला राजीव राम व जो सॅलिसबरी यांना नमवून विजेतेपद जिंकले, म्हणजे शस्त्रक्रियेला पाच महिनेही पूर्ण झाले नव्हते. विम्बल्डनमध्ये सेरेना विल्यम्ससोबत तो मिश्र दुहेरी खेळला. एकेरीचा पहिला सामना ऑगस्टमध्ये सिनसिनाटी येथे रिचर्ड गॅस्केविरुद्ध झाला आणि तो 6-4, 6-4 असा हरला. त्यानंतर त्याने जे केले ते तीन ग्रँड स्लॅम जिंकलेल्या खेळाडूकडून सहसा अपेक्षित नसते. अमेरिकन ओपनचे एकेरीचे सामने सुरू असताना तो मायोर्का येथील चॅलेंजर स्पर्धेत, म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या दुसऱ्या पायरीवर, तिथल्या नवख्या मुलांबरोबर खेळत होता आणि तिथेही तो तिसऱ्या फेरीत हरला. मग चीनचा दौरा झाला, झुहाई येथे शस्त्रक्रियेनंतरचा मुख्य एटीपी स्पर्धांमधील (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या वरच्या पायरीवरील) एकेरीतील पहिला विजय मिळाला, बीजिंगमध्ये त्याने मातेओ बेरेटिनीला हरवले. दर आठवड्याला खुब्याला थोडी अधिक परीक्षा द्यायची, असा तो क्रम होता.

अँटवर्पच्या स्पर्धेला येताना तो 243 व्या स्थानावर होता. अंतिम सामन्यात वावरिंकाने पहिला सेट 6-3 असा घेतला आणि दुसऱ्यात 3-1 अशी आघाडी घेतली. पॅरिसच्या पाचव्या सेटची आठवण यावी अशीच ती स्थिती होती. या वेळी मात्र पाय टिकले. मरेने 3-6, 6-4, 6-4 असा सामना जिंकला आणि मार्च 2017 मधील दुबईनंतरचे पहिले, कारकिर्दीतील सेहेचाळिसावे एकेरी विजेतेपद मिळवले. सामना संपल्यावर तो पुन्हा रडला. वावरिंकाने त्याला कवेत घेतले तेव्हा दोघांच्याही अंगावर शस्त्रक्रियेच्या खुणा होत्या.

त्यानंतरचे फलित

अँटवर्प हेच एकेरीतील अखेरचे विजेतेपद ठरले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. नोव्हेंबर 2019 मध्ये माद्रिद येथील डेव्हिस कपनंतर कटीच्या हाडाला इजा झाल्यामुळे त्याला 2020 ची ऑस्ट्रेलियन ओपन सोडावी लागली, नंतर महामारी आली. शस्त्रक्रियेनंतर तो कोणत्याही ग्रँड स्लॅममध्ये तिसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही आणि क्रमवारीत त्याने गाठलेले सर्वोच्च स्थान 36 वे होते. केवळ चषकांच्या हिशेबात पाहिले तर ही घसरण आहे.

परंतु शस्त्रक्रियेची परीक्षा चषकांनी घेणे चुकीचे ठरेल. तिची परीक्षा जानेवारी 2023 मध्ये मेलबर्नला झाली. पहिल्या फेरीत बेरेटिनीविरुद्ध मॅच पॉइंट, म्हणजे गमावला तर सामनाच संपेल असा गुण, वाचवून मरे पाच सेटमध्ये जिंकला आणि दुसऱ्या फेरीत थानासी कोकिनाकिसविरुद्ध दोन सेटने मागे असताना 4-6, 6-7, 7-6, 6-3, 7-5 असा परतला. तो सामना पाच तास पंचेचाळीस मिनिटे चालला आणि पहाटे चार वाजून पाच मिनिटांनी संपला. त्याच्या कारकिर्दीतील तो सर्वांत लांब सामना होता, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, धातूच्या खुब्यासह. पुढच्या फेरीत त्याला हरवणारा खेळाडू बाउटिस्टा अगुट होता. चार वर्षांपूर्वी त्याच शहरात याच खेळाडूविरुद्धच्या सामन्यानंतर मरेला निरोपाची चित्रफीत दाखवली गेली होती.

मार्च 2024 मध्ये मायामी येथे त्याच्या घोट्याचे अस्थिबंध तुटले. जूनमध्ये पाठीच्या कण्यातील गाठ काढण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे विम्बल्डनची एकेरी हुकली आणि तिथला निरोप त्याने भाऊ जेमीसोबत दुहेरी खेळून घेतला. जुलैअखेर पॅरिस ऑलिंपिकमध्ये डॅन इव्हान्सबरोबर पहिल्या दोन सामन्यांत मिळून सात मॅच पॉइंट वाचवून तो उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी टेलर फ्रिट्झ व टॉमी पॉल यांच्याविरुद्ध 6-2, 6-4 असा हरून थांबला. ते कोर्ट रोलाँ गॅरोसच्या परिसरातलेच होते, जिथे सात वर्षांपूर्वी वावरिंकाविरुद्ध पाचवा सेट खेळताना खुब्याने साथ सोडली होती. घोटा आणि पाठ या दोघांनी मिळून त्याची कारकीर्द संपवली. उजवा खुबा अखेरच्या गुणापर्यंत चालत होता.